रानाचे पाहुणे

"स्मरणिकेसाठी लेख हवाच, मात्र या वेळी लसीकरणावर नको," अशी प्रेमळ ताकीद संपादक मंडळाकडून आली आणि मी काहीसा अडचणीत सापडलो. पंचवीस वर्षे डिचोलीत मुलांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणारा माणूस दुसऱ्या कशावर अधिकारवाणीने लिहिणार? त्याच विचारात टेबलाचा खण आवरताना जुन्या छायाचित्रांचे एक पाकीट हाती लागले. त्यात एका हत्तिणीचे छायाचित्र होते, हात हलल्यामुळे अगदी धूसर आलेले. ते तसे का आले, याची एक गोष्ट आहे. ती आजवर मी फारशी कोणाला सांगितली नव्हती, कारण तीत माझी फजिती आहे. परंतु 2025 च्या सप्टेंबरात आपल्या पेडणे तालुक्यात जे घडले, त्यानंतर ती सांगावी असे वाटू लागले.

सफर आणि सफारी

2011 च्या ऑगस्टमध्ये आम्ही तीन डॉक्टर कुटुंबे मुलाबाळांसह दक्षिण आफ्रिकेत गेलो होतो. तेथे तो थंडीचा आणि कोरडा ऋतू. गवत वाळून विरळ होते, पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरते आणि म्हणून जनावरे सहज दृष्टीस पडतात. डासही कमी असतात. बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने हा फायदा सिंहदर्शनापेक्षा लहान नव्हे.

'सफारी' हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला. त्याचा मूळ अर्थ केवळ 'प्रवास'. तो अरबी 'सफर'वरून आला आणि आपली मराठी 'सफर' त्याच कुळातली. 'गेम रिझर्व्ह'मधील 'गेम' म्हणजे मात्र शिकारीचे जनावर. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस यांना 'बिग फाइव्ह' हे बिरुद दिले तेही शिकाऱ्यांनीच. पायी शिकार करताना हे पाच प्राणी सर्वांत धोक्याचे म्हणून. पुढे बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, शब्द तेवढे मागे राहिले. आपल्याकडे मोलेच्या अभयारण्याचे जुने नावही 'मोले गेम सँक्चुअरी' असेच होते.

क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचे मूळ असलेले साबी राखीव रान 1898 मध्ये घोषित झाले आणि 1926 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 19,500 चौरस किलोमीटर. संपूर्ण गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा. म्हणजे आपले राज्य त्यात पाच वेळा मावून वर जागा उरेल. 1927 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले तेव्हा वर्षभरात तीन मोटारी आल्या होत्या. आज तेथे डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि खडीच्या रस्त्यावर 40 किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. ठरवून दिलेल्या जागा सोडल्यास गाडीतून उतरता येत नाही, आणि सूर्यास्ताच्या सुमारास दारे बंद होतात.

पाहुण्यांचा दिवस

क्रुगरमध्ये दोन दिवस काढून आम्ही त्याच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या एका खासगी राखीव रानात उतरलो. तेथील पाहुण्यांची दिनचर्या मोठी शिस्तबद्ध. पहाटे साडेपाचला दारावर टकटक, गरम कॉफी आणि अंधारातच उघड्या जीपमधून प्रस्थान. थंडी अशी की मांडीवर घोंगडी आणि हातात गरम पाण्याची पिशवी घ्यावी लागे. गाडीच्या बॉनेटवर पुढच्या टोकाला एक लहानशी खुर्ची असते. तिच्यावर बसतो तो माग काढणारा. आमचा मागकरी जवळच्याच गावातला, त्सोंगा भाषा बोलणारा. वाळूतील पावलावर दव पडले आहे की नाही, मोडलेल्या फांदीचा रस ओला आहे की सुकला, लीद कोमट आहे की थंड, यावरून तो जनावर किती वेळापूर्वी गेले ते सांगे. रोग्याचा इतिहास घ्यावा, तपासावे आणि मग निदान करावे, असाच तो प्रकार. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती एवढेच.

एखादा बिबट्या दिसला तर त्याच्याभोवती एका वेळी दोन-तीनच गाड्या थांबत. बाकीच्या रेडिओवरून विचारणा करून दूर ताटकळत. कोणी हॉर्न वाजवीत नसे. बिबट्या उठून झुडपात गेला आणि आमची पाळी हुकली, असेही एकदा झाले. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

न्याहारीनंतर उन्हे चढेपर्यंत पायी फेरी. एकामागून एक रांगेने चालायचे, बोलायचे नाही, पुढे दोन बंदूकधारी मार्गदर्शक. या फेरीत आम्हाला एकही मोठे जनावर दिसले नाही. आम्ही पाहिले ते वाळवीचे वारूळ, शेणाचा गोळा ढकलीत नेणारा शेणकिडा आणि गेंड्याने अंग घासून गुळगुळीत केलेला एक खुंट. तरीही ते दोन तास सर्वांच्या आठवणीत पक्के आहेत. पायी चालताना रान आपल्यापेक्षा मोठे आहे, हे कोणी सांगावे लागत नाही.

या फेरीला बारा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. माझा मुलगा तेरा वर्षांचा होता, तो आला. नऊ वर्षांची मुलगी रुसून मागे राहिली. तिच्यासाठी मुलांचा वेगळा कार्यक्रम होता: ओल्या वाळूत उमटलेल्या तरसाच्या पावलात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून त्याचा ठसा घेणे. प्लास्टरचा असाही उपयोग असतो, हे पाहून आमच्याबरोबरचे अस्थिरोगतज्ज्ञ हरखून गेले. तो ठसा आजही आमच्या दिवाणखान्यात आहे.

दुपारी पाणवठ्यासमोरच्या लाकडी मचाणावर स्वस्थ बसून राहायचे. दुपारी चारला पुन्हा गाडी, सूर्यास्ताला मोकळ्या माळावर पेयपान आणि अंधार पडल्यावर प्रखर दिव्याच्या उजेडात निशाचरांचा शोध. येथेही नियम होता: हत्ती किंवा रानम्हशीसारख्या जनावरांच्या डोळ्यांवर दिवा मारायचा नाही. रात्री 'बोमा'त, म्हणजे कुडाने वेढलेल्या अंगणात, शेकोटीभोवती जेवण आणि माथ्यावर दक्षिण गोलार्धातले अनोळखी तारे.

माझी चूक

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हत्तींचा कळप रस्ता ओलांडीत होता. मार्गदर्शकाने इंजिन बंद केले. एका हत्तिणीच्या पायांत महिन्या-दोन महिन्यांचे पिल्लू घुटमळत होते. सोंडेचे करायचे काय, हे त्याला अजून कळले नव्हते. नवजात बालकांत आयुष्य घालविलेल्या माणसाला ते दृश्य आवरेना. पुढच्या आसनावरील डोके आड येत होते, म्हणून मी कॅमेरा घेऊन उठून उभा राहिलो.

पुढचे सारे दहा-पंधरा सेकंदांत घडले. हत्तिणीने कान सुपासारखे पसरले, मान झटकली आणि चार पावले आमच्या दिशेने टाकली. माझी मुलगी तिच्या आईच्या कुशीत शिरली. मार्गदर्शक मागे न पाहता हलक्या आवाजात एवढेच म्हणाला, "डॉक्टर, खाली बसा. हळू." मी बसलो. गाडी जागची हलली नाही, कोणी हुं की चूं केले नाही. हत्तीण बराच वेळ पाहत राहिली, मग वळून पिल्लाला घेऊन गेली. ते धूसर छायाचित्र त्या क्षणाचे.

रात्री शेकोटीपाशी मी क्षमा मागितली. तो रागावला नाही. त्याने समजावून सांगितले, की बसलेल्या माणसांसह गाडी ही जनावराला एकसंध आकृती वाटते. ती त्याच्या ओळखीची झालेली असते. एक माणूस उभा राहिला की ती आकृती मोडते आणि त्याला माणूस दिसतो. "तिने तुम्हाला आधी इशारा दिला," तो म्हणाला. "पिल्लू बरोबर असताना तिने एवढा धीर धरला, हे तिचे सौजन्य. आपण तिच्या घरी आलो आहोत."

इतकी वर्षे मी पालकांना सांगत आलो होतो, की घाबरलेले मूल तपासताना त्याच्यावर वाकून उभे राहू नये, खाली बसावे, त्याला आपली सवय होऊ द्यावी. तेच मला परदेशात एका हत्तिणीकडून शिकावे लागले.

पेडण्यातला हत्ती

आता आपल्याकडे येऊ. या शतकाच्या आरंभी कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात उतरले आणि तिळारीच्या परिसरात राहू लागले. त्यांपैकी 'ओंकार' या नावाने ओळखला जाणारा तरुण हत्ती 2025 च्या सप्टेंबरात सीमा ओलांडून पेडणे तालुक्यात आला. मोपा, तांबोसे, तोरसे या भागांत भातशेती आणि बागायतींतून तो फिरला. वनखाते लोकांना दूर राहण्यास विनवीत होते. परंतु हत्ती पाहण्यासाठी माणसे लोटली. मोबाइल उंचावून त्याच्या पुढे-मागे धावणारे तरुण, आरडाओरड, फटाके, सारे आपण पाहिले आहे.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी पेडणे तालुक्यातील एक दांपत्य नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मनगटाला प्लास्टर होते. गर्दी एकाएकी मागे फिरली तेव्हा तो शेताच्या बांधावरून पडला होता. हाड जुळत आले होते, पण तक्रार वेगळीच होती. चौथ्या वर्षापासून कोरडा राहणारा हा मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागला होता आणि रात्री किंचाळून उठत होता. वडील खाली मान घालून म्हणाले, "दोतोर, ताका हत्ती दाखोवंक व्हेल्लो." बापाने मोठ्या हौसेने नेले होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नव्हता. मीही एकदा उभा राहिलो होतोच.

लघवीची तपासणी केली, ती निर्दोष निघाली. मग कागद आणि रंगीत खडू देऊन मुलाला त्या दिवसाचे चित्र काढायला सांगितले. त्याने मध्यभागी लहानसा हत्ती काढला आणि त्याच्या चारी बाजूंनी माणसेच माणसे. प्रत्येकाचा एक हात वर. मला वाटले होते, तो हत्तीला घाबरला असेल. त्याला स्वप्नात दिसत होती ती पळणारी गर्दी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याची केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली, त्याला हत्तीचे कौतुक सांगण्याचा मला हक्क नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये दोडामार्गमधील मोर्ले गावात हत्तीच्या हल्ल्यात एका वृद्ध शेतकऱ्याचा बळी गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हत्ती हा पाहुणा नव्हे, संकट आहे. त्याची भरपाई वेळेवर झालीच पाहिजे. ती न झाल्यास रोष कोठे जातो, याचे उदाहरण आपल्या शेजारी आहे. 2020 च्या जानेवारीत सत्तरीतील गोळावली येथे चार वाघ विषबाधेने मेलेले आढळले. 24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. रान राखायचे तर रानाकाठच्या माणसाच्या पदरात काहीतरी पडले पाहिजे. क्रुगरच्या उत्तर टोकाच्या माकुलेके समाजाला 1969 मध्ये तेथून हुसकावले गेले होते. 1998 मध्ये त्यांना ती जमीन परत मिळाली. त्यांनी ती रान म्हणूनच राखली आणि पर्यटकांच्या निवासांपासून उत्पन्न मिळविले. आमच्या मागकऱ्याचे घरही पाहुण्यांवरच चालत होते.

माझे म्हणणे आहे ते केवळ बघ्यांविषयी, म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी. आफ्रिकेतील तो सारा कार्यक्रम, पहाटेची फेरी असो की मचाणावरची दुपार, एकाच गोष्टीवर उभा आहे: पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे. आपण 'अतिथी देवो भव' घोकतो ते यजमान म्हणून. अतिथीचे कर्तव्य कोणते, ते आपल्याला कोणी शिकविले नाही.

दाराशी असलेली सफारी

ते शिकायला परदेशी जाण्याची गरज नाही. पेडणे-डिचोलीतल्या कुटुंबाला अर्ध्या दिवसात जमतील अशा काही गोष्टी सांगतो.

पहिली, मोरजीचा टेंबवाडा आणि मांद्रेचा किनारा. साधारण नोव्हेंबरपासून येथे ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालण्यास येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि ती 45 ते 60 दिवसांत फुटतात. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. एके काळी ही अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात. आज वनखात्याबरोबर गावकरीच त्यांची राखण करतात. पिल्ले क्षितिजावरील उजेडाच्या रोखाने समुद्राकडे जातात, म्हणून किनाऱ्यावरचे प्रखर दिवे त्यांची दिशाभूल करतात. येथे पाहुण्याने करायचे ते एवढेच: टॉर्च आणि फ्लॅश बंद, दोरीच्या अलीकडे बसणे, पिल्लाला हात न लावणे.

दुसरी, चोडणचे डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य. 1988 मध्ये स्थापन झालेले हे अभयारण्य अवघे 1.78 चौरस किलोमीटरचे आहे. भरतीच्या वेळी होडीतून खारफुटीच्या खाड्यांत शिरता येते. खंड्या, बगळे, चिखलावर उड्या मारणारे मासे, एकच नांगी मोठी असलेले खेकडे. नशीब असेल तर पाणमांजर, आणि काठावर निपचित पडलेली मगर. होडीत कोणी उभे राहत नाही, त्यामुळे माझ्यासारख्यांची सोय आपोआप होते.

तिसरी, बोंडल्याचे आठ चौरस किलोमीटरचे अभयारण्य. ते लहान मुलांसाठी सोपे. थोड्या मोठ्यांसाठी सत्तरीतील म्हादई अभयारण्य: 1999 मध्ये घोषित झालेले, 208 चौरस किलोमीटरचे. तेथे वनखात्याच्या परवानगीने आणि स्थानिक वाटाड्याबरोबरच जावे. शेकरू, धनेश आणि आपला राज्यप्राणी गवा यांचे हे घर. वाटाड्याचे मानधन देताना घासाघीस करू नये.

थोडे वैद्यकीय, कारण राहवत नाही

क्रुगरच्या भागात मलेरियाचा धोका मुख्यतः सप्टेंबर ते मे या काळात असतो. प्रतिबंधक गोळ्या मुलाच्या वजनानुसार द्याव्यात. डॉक्सीसायक्लीन आठ वर्षांखालील मुलांना टाळावे. परत आल्यावर कित्येक आठवड्यांनी ताप आला तरी प्रवासाचा उल्लेख अवश्य करावा, आणि आपण डॉक्टरांनी तो न चुकता विचारावा.

आपल्या रानात काळजी घ्यायची ती गोचिडांची. माकडताप, म्हणजेच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, 1957 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळला. 2015 पासून तो सत्तरीत आणि 2016 पासून दोडामार्गातही दिसला. याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी, वाळल्या पाल्यात बसू नये. घरी आल्यावर मुलाचे कानामागे, मानेवर, केसांत आणि जांघेत नीट तपासावे. रानात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. रानात जाऊन आल्यावर आठवडाभरात तीव्र ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाल्यास हा आजार मनात आणावा. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न दवडता रुग्णाला न चालवता इस्पितळात न्यावे.

एक सूचना

त्या मुलाला मी औषध दिले नाही. आईवडिलांना धीर धरण्यास सांगितले आणि पुढच्या हिवाळ्यात त्याला मोरजीला नेण्याचे सुचविले. ते गेले. तेथे कोणी धावत नव्हते, कोणी ओरडत नव्हते. हातभर अंतरावरून इवली पिल्ले घसटत पाण्याकडे जात होती आणि तो वडिलांच्या मांडीवर बसून ती मोजत होता. त्यानंतर रात्रीचे किंचाळणे थांबले, असे आई सांगते. हा कासवांचा गुण की काळाचा, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडू नये, हे आपण सारेच जाणतो.

तरीही संस्थेच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. वार्षिक सहल नेहमीच्या रिसॉर्टऐवजी एकदा चोडणला किंवा मोरजीला न्यावी. एका वेळी वीसच जण, मुले पुढे आणि आपण मागे. तेथील वाटाडे सांगतील ते मुकाट ऐकावे. नावे घेण्यास सुरुवात झाल्यास पहिले माझे लिहावे. कॅमेरा आणणार आहे, पण या वेळी बसून राहीन.